ताट पुढं गेलं

दीपमालाचा फोन आला तेव्हा सुकेशनीचे दोन्ही हात मनुकांमध्ये बुडालेले होते. रात्रभर भिजवलेल्या, सकाळी मंद आचेवर उकळून निवत ठेवलेल्या काळ्या मनुका हातानंच कुस्कराव्या लागतात. मिक्सरमधून काढल्या तर बिया फुटतात आणि रस कडवट होतो. हे ज्ञान तिला एकतीस वर्षांपूर्वी सबंध मंडळीला कडू रस पाजून झाल्यावर मिळालं होतं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी पदमपुऱ्यातल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला जो द्राक्षारस दिला जाई, तो तिच्या याच ओट्यावर, याच पातेल्यात झालेला असे. तिनं कोपरानं फोनचा स्पीकर लावला. "सलाम आंटी," चर्चच्या पाळकांची बायको म्हणाली. वय एकोणतीस, आवाज गोड, शिक्षण पुण्याचं. "कामात नाही ना? एक छोटंसंच सांगायचं होतं. उद्यासाठी रस करू नका. कमिटीत ठरलंय आपलं. तयार कप मागवलेत, सीलबंद. वरच्या कागदाखाली भाकरीचा तुकडा, त्याखाली रस. स्वच्छही पडतं आणि पेले घासायला नकोत. शिवाय तुम्हाला तरी या वयात किती त्रास द्यायचा, नाही का? मी यांना म्हटलंसुद्धा, आंटींना उलट बरंच..." सुकेशनीनं अंगठ्यानं फोन कापला. काचेवर काळपट, चिकट ठसा उमटला. अंगठा तिथंच राहिला, जणू त्याला काहीतरी आठवलं होतं आणि ते तिला सांगावं की नाही याचा तो विचार करत होता. तिनं तो पदराला खसाखसा पुसला.

त्रास. हा शब्द त्या पोरीला सुचलाच कसा? सुकेशनीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. महापालिकेच्या शाळेत शिकवत होती तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटली की ती तशीच शहागंजात जायची. सुक्यामेव्याच्या दुकानातला म्हातारा तिला लांबूनच बघून पोत्यात हात घालायचा. "आओ टीचरबाई, तुम्हारे वास्ते अलग निकालके रखा." तो गेला, त्याचा मुलगा गादीवर बसला, तोही अलग काढून ठेवायला लागला. नळाला पाणी आठ दिवसांनी येवो की दहा, या रसासाठी एक हंडा वेगळा झाकून ठेवलेला असायचा आणि त्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. राजकुमार, तिचा नवरा, अंघोळीवाचून ऑफिसला गेला होता कितीदा तरी. "प्रभूचं पाणी पहिलं," तो म्हणायचा, "आमचं काय, आम्ही घामातबी शोभतो." आणि आता स्वच्छ. आपल्या हातचं काय इतकी वर्षं घाण होतं? यांच्या बापजाद्यांनी आपल्याच हातचं पिऊन पापं धुतली, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. कमिटीत ठरलंय म्हणे. त्या कमिटीतल्या निम्म्या पुरुषांना तिनं अ आ इ शिकवलेलं होतं, मारून मारून. त्यातल्या एकाच्याही तोंडाला असं नाही आलं की बाईंना जाऊन सांगू समोर. एका पोरीला पुढं केलं, तेही फोनवर. तिनं मनुकांचा चोथा मुठीत इतका दाबला की बियांची टोकं तळहाताला टोचली. सवयीनं तिनं पांढरं फडकं पातेल्यावर बांधलं, रस गाळला, पुन्हा गाळला, स्टीलच्या डब्यात भरला, झाकण लावलं. कुणाला नको असलेला रस इतक्या काळजीनं गाळणाऱ्या बाईला बघून कुणी हसलं असतं, पण घरात हसायला कुणी नव्हतं. मुलगी नाशिकला, आणि राजकुमार चार वर्षांपूर्वीच गेलेला.

दीपमालावर रागावणं किती सोपं होतं. दुपारभर ती तेच करत बसली. त्या पोरीची गिटार, तिचा प्रोजेक्टर, गाणी म्हणताना हात वर करून डोलणं, सगळ्यांना 'आंटी' म्हणणं, एकेक काढून तिनं रागाला घातलं आणि राग वाढत गेला. पण चार वाजता चहा ठेवताना तिच्या लक्षात आलं, की हा राग त्या पोरीच्या अंगाला येत नाहीये. फार ढगळ होतोय. मनुकांवरून एवढा राग येतो का माणसाला? आणि उद्या पहिला रविवार. रागानं भरलेल्या मनानं प्रभूच्या मेजाला हात लावायचा नाही, हे तर तिच्या अंगात आईच्या दुधाबरोबर भिनलेलं. ज्याचं कुणाशी भांडण आहे, त्यानं मान खाली घालायची, हात मांडीवर ठेवायचे, आणि भाकरी-रसाचं ताट न घेता पुढं जाऊ द्यायचं. मग संध्याकाळपर्यंत पाळक आणि मंडळीतला एखादा पंच घरी येतात, दुसऱ्या पक्षाला बोलावतात, दोघांना समोरासमोर बसवतात, आणि समेट करूनच उठतात. अख्खी मंडळी बघत असते, कुणाच्या पुढून ताट तसंच गेलं. एकतीस वर्षांत सुकेशनीच्या पुढून ते तसं कधी गेलं नव्हतं. तिची तशी शपथच होती, आणि ती तिनं नऊ वर्षांची असताना घेतली होती, आईची लाज वाटून.

तिची आई, कडूबाई, सिल्लोडकडच्या एका गावात शेतमजुरी करायची. गावातलं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली, पहिल्या ओळीत सतरंजीवर कडूबाई. आणि अकरा वर्षं, दर महिन्याला, पहिल्याच ओळीतून ताट तिला ओलांडून पुढं जायचं. तिचा दीर त्या मंडळीत उपदेश करायचा. कडूबाई जालन्याच्या दवाखान्यात पडलेली असताना त्यानं तिच्या थोरल्या लेकीला एका दारुड्याच्या घरी देऊन टाकलं होतं. पंच समेटाला यायचे. दीरही यायचा, हात जोडायचा. कडूबाई एकच सांगायची, "मला कामून इचारता? तिला इचारा. ती म्हणली झालं, तर झालं." बाया कुजबुजायच्या, लई कठोर बाई हाय, कसली ख्रिस्ती म्हणायची हिला. सुकेशनीला वाटायचं जमीन फाटावी. एकदा तिनं घरी येऊन आईला विचारलंच, की खोटं खोटं तरी घे ना, एक घोट तर असतो. कडूबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाली, "लोकांशी खोटं बोलीन. त्या वरल्याशी कशी बोलू? मला बोलायला तेवढा एकच हाय." तेव्हा सुकेशनीला ते आईचं नेहमीचं तिरसट बोलणं वाटलं होतं. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, आणि अंगठ्याकडं बघितलं. रेषांमध्ये मनुकांचा काळा रंग अजून होताच.

तो अंगठा चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलचा होता. राजकुमार जालना रोडवरच्या एका दवाखान्यात, अकरा दिवस, आत कुणाला सोडत नव्हते. चर्च बंद. रोज संध्याकाळी सात वाजता फोनवर प्रार्थना भरायची, पंचवीस-तीस घरं एकाच वेळी जोडलेली. त्याचा स्वतःचा फोन चौथ्या दिवशी बंद पडला होता, मग निरोप नर्सकडून. सुकेशनीनं उपास धरले. गुडघे काळे पडेपर्यंत प्रार्थना केली, आणि अर्धवट नाही, राखून नाही, मागं एक दार उघडं ठेवून नाही. दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बरं वाटतंय. त्या संध्याकाळी तिनं साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. तेव्हाचे पाळक म्हणाले होते, दिसायच्या आधी आभार मानतो तोच खरा विश्वास. म्हणून तिनं झालेलं नव्हतं तेही झालं म्हणून सांगितलं. माझा नवरा बरा झालाय. होईल नाही, झालाय. वीस मिनिटं बोलली ती. शाळेत कधी इतकी छान बोलली नव्हती. फोनमधून आमेनवर आमेन येत होते. मध्येच कानात टूंटूं झालं. अनोळखी नंबर. तिनं कापला. परत आला. देवाची स्तुती चाललेली असताना ही कसली कटकट, म्हणून तिनं परत कापला, आणि वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढं जोडलं. तिसऱ्यांदा तो आला नाही. पहाटे दवाखान्यातून फोन आला. दफनाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चार माणसं होती. सुकेशनी कबरस्थानाच्या फाटकाबाहेर उभी, आत जायची परवानगी नाही. गाणं नाही, प्रार्थना नाही. तीस वर्षं ज्या मंडळीच्या मयतीत राजकुमारनं खर्जातला सूर लावला, त्या मंडळीतलं एक माणूस त्याच्यासाठी सूर लावायला नव्हतं. आणि ती? तिनं काय केलं? चर्च उघडल्याच्या पहिल्या रविवारी रसाचा डबा घेऊन हजर झाली, उभी राहिली, आणि म्हणाली, प्रभूनं मला शांती दिलीय. बाया रडल्या. केवढा हा विश्वास. तिनं ताटातून पेला उचलला, प्यायली, आणि त्यानंतर दर महिन्याला पीत आली. रोज प्रार्थना करत आली, मोठ्यानं, अस्खलित, वर्गात हजेरी घ्यावी तशी. एक नाव गाळून.

रविवारी तिनं पांढरं पातळ नेसलं आणि डबा घरीच ठेवून चर्चला गेली. नेहमीची जागा, डावीकडं तिसरा बाक. दीपमाला लांबून हसली, सुकेशनी हसली नाही. मेजावर पांढरी चादर होती, तिच्याच हातची विणलेली, आणि त्यावर ताटांमध्ये ते कप, प्रवासातल्या चटणीच्या पुड्यांसारखे. पाळक तरुण होते, मनापासून बोलायचे, हेच त्यांचं वाईट. आजचा विषय, देवावर सर्वस्वानं प्रीती करणं. मनातला एक कोपरासुद्धा स्वतःसाठी राखून ठेवायचा नाही, ते म्हणाले. कोपरा, सुकेशनीच्या मनात आलं. इथं अख्खी खोली आहे, चार वर्षं कुलूप घातलेली, आणि तिच्या दारात उभी राहून मी लोकांना म्हणते, या, घर बघा, काही लपवलेलं नाही. मग पाळक बाकांकडं हात करून म्हणाले, "उदाहरण लांब कशाला शोधायचं? आपल्या बोर्डेबाईंकडे बघा. साहेब गेले. देवाविरुद्ध एक शब्द कुणी ऐकला त्यांच्या तोंडून? एक शब्द?" शंभर माना तिच्याकडं वळल्या. कालच्या फोनची भरपाई चालली होती हे तिला कळलं, आणि पाळकांचा हेतू चांगला होता हेही कळलं. एक शब्द नाही. खरंच होतं ते. चार वर्षांत एक शब्द नाही. ज्याच्यावर आपण जीव ओवाळून टाकला म्हणतो, त्याच्याशी चार वर्षांत एक खरा शब्द नाही, आणि यालाच हे लोक भक्ती म्हणतात, आणि मीही म्हणते. तिला सगळ्यांचाच संताप आला. वळलेल्या मानांचा, चादरीचा, स्वतःच्या पांढऱ्या पातळाचा. आणि या सगळ्यांच्या मागं जो होता, ज्याच्यावर रागवायचं धाडस तिला काल दुपारपर्यंत झालं नव्हतं, त्याचा.

ताट घेऊन सांडूमामा आले. मंडळीतले सगळ्यात जुने पंच, अठ्ठ्याहत्तरी ओलांडलेले, हात कापायचा म्हणून ताट छातीशी धरून चालायचे. कागद फाटल्याचे चर्रचर्र आवाज पुढच्या बाकांवरून येत होते. ताट तिच्यापुढं आलं. सुकेशनीनं हात मांडीवर ठेवले. सांडूमामांना वाटलं तिला दिसलं नाही, त्यांनी ताट थोडं खाली केलं. तिनं मान खाली घातली. किती वेळ ते तसेच उभे राहिले कुणास ठाऊक. मग मामांच्या वहाणा सरकल्या आणि ताट पुढं गेलं. तिला वाटलं होतं जमीन फाटेल. तसं काही झालं नाही. फक्त तोंड कोरडं पडलं, आणि खूप दिवसांनी तिला आपण चर्चमध्ये बसलोय असं वाटलं. उपासना सुटल्यावर अंगणात ती कुणाशी न बोलता चालू लागली. मागून कुणीतरी म्हणालं, ते तिला ऐकू यावं असंच होतं, "एवढ्याशा रसापायी प्रभूचं मेज सोडलं बाईनं."

साडेपाचला ते आले. पाळक, दीपमाला आणि सांडूमामा. दीपमालाचे डोळे सुजलेले होते. आल्या आल्या ती खाली वाकायला लागली, सुकेशनीनं तिचा दंड धरून तिला दिवाणावर बसवलं. "आंटी, चुकलं माझं," ती म्हणाली. "मी समोर येऊन बोलायला हवं होतं. ते कप परत करतोय आम्ही. पुढच्या महिन्यापासून रस तुम्हीच करायचा. प्लीज." सुकेशनीला परत राग चढला. म्हणजे यांना वाटतंय की मनुकांसाठी. पण लगेच तिला हेही दिसलं, की काल दुपारी तिलाही तसंच वाटत होतं. पोरीचा काय दोष?

"तुझ्याशी भांडण नाय माझं," ती म्हणाली. "काल होतं. तुझं बोलणं मला लागलं, ते मी सांगितलं नाही, फोन कापला. ते माझं चुकलं. कप ठेवा तुम्ही, मला काही नाही त्याचं."

पाळकांनी हुश्श केलं आणि ते जरा पुढं सरकले. "मग कुणाशी आहे बाई? मंडळीतलंच कुणी? सांगा तुम्ही. मी आत्ता जाऊन घेऊन येतो त्यांना. आजच मिटवून टाकू."

"आणता का?" सुकेशनी म्हणाली. "आणा मग. येत असंल तर."

"कोण?"

सांडूमामा इतका वेळ टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. त्यांनी वर बघितलं. "राजकुमारचं हाय का हे?" ते हळू म्हणाले. तिनं मान हलवली, आणि मग तिनं सांगितलं. साक्ष, दोनदा आलेला फोन, अंगठा. मामांनी ती साक्ष ऐकली होती, तेही त्या दिवशी फोनवर होते, सगळ्यात मोठा आमेन त्यांचाच. "तो नंबर शेजारच्या खाटेवरल्या माणसाचा होता," ती म्हणाली. "काकासाहेब नावाचा, शेंद्र्याच्या कंपनीतला. बरा होऊन घरी गेल्यावर त्यानं मला फोन केला. म्हणला, ताई, साहेबांनी माझ्या फोनवरून दोनदा लावला तुम्हाला. मी विचारलं, काय बोलायचं होतं त्यांना? तो म्हणला, ते काय बोलले नाय. दुसऱ्यांदा कापला तवा हसले, अन् म्हणले, प्रार्थनेत असंल ती." तिचा आवाज चढला. "हसले म्हणे. प्रार्थनेत असंल. माझ्यासाठीच प्रार्थना करत असंल, असं वाटलं असंल त्यांना. आणि मी काय करत होते? ते बरे झाले म्हणून लोकांना सांगत होते."

पाळकांनी तिच्याकडं बघितलं, मग हातातल्या पुस्तकाकडं. "बाई," ते म्हणाले, "आपल्याला आत्ता कळत नाही, पण देवाची काहीतरी योजना..."

"योजना म्हणू नका," सुकेशनी म्हणाली. "माझ्या घरात तो शब्द काढायचा नाही."

"पण देवाशी भांडण म्हणजे..."

"गप ऱ्हावा साहेब जरा," सांडूमामा म्हणाले. "तिचं भांडण तुमच्याशी नाय. मधी कामून पडता?" ते गुडघ्यावर हात टेकून उठले. भिंतीशी एक लाकडी खुर्ची होती. ती त्यांनी कापऱ्या हातांनी ओढत आणली आणि सुकेशनीच्या समोर, हातभर अंतरावर ठेवली, चाळीस वर्षं ते दुसऱ्या पक्षाची खुर्ची ठेवत आले होते तशी. एक पाय हलत होता, त्यांनी तो नीट टेकवला. "बोल बाई," ते म्हणाले. "आमी निस्तं साक्षीला बसतो. समेट झाला तर झाला, नाय झाला तर फुडल्या महिन्यात ताट परत फुडं जाईल. मीच नेईन."

दीपमालानं ओढणी डोक्यावर घेतली आणि डोळे मिटले. पाळकांनीही मिटले. सुकेशनीनं मिटले नाहीत. चार वर्षं ती डोळे मिटून, हात जोडून, गोड गोड बोलत आली होती. आता हात जोडले गेले नाहीत. स्वर्गीय पित्या वगैरे तोंडाला आलंच नाही. तिनं रिकाम्या खुर्चीकडं सरळ बघितलं.

"बस," ती म्हणाली. "उठून जायचं नाही. तुझंच नाव घेत होते मी, म्हणून कापला त्यांचा फोन."